आईवडील असेपर्यंत

पंडित सुमेरुचंद्र दिवाकरांचं ‘चारित्र चक्रवर्ती’ आपल्या भागातल्या बऱ्याच जैन घरांत असतं. आचार्य शांतिसागर महाराजांचं हे हिंदी चरित्र, १९५३ सालचं, चांगलंच जाडजूड. एरवी कपाटात, चातुर्मासात बाहेर. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा नवी सून होते, सासूबाईंना वाचून दाखवायचे. दुसऱ्यांदा आत्ता, स्वतःची मुलं घराबाहेर पडल्यावर. या वेळी एका जागी अडकले ते अडकलेच.

ती जागा सगळ्यांना माहीत आहे. निपाणीजवळच्या भोज गावचे भीमगौडा पाटील आणि सत्यवती यांचा मुलगा सातगौडा, जन्म १८७२. सतरा-अठराव्या वर्षी त्यानं दीक्षेचं मनात आणलं. वडील म्हणाले, आम्ही आहोत तोवर घरातच राहून धर्म कर. मुलगा राहिला. वडील गेले, मग आई गेली, आणि चाळिशी ओलांडल्यावर त्यानं उत्तूरला क्षुल्लक दीक्षा घेतली. मुनिदीक्षा १९२० साली, यरनाळला. म्हणजे मनात आल्यापासून घर सोडेपर्यंत वीसहून जास्त वर्षं गेली.

यातून आपण एकच अर्थ काढतो. एवढे मोठे महाराज, पण आईबापाचा शब्द मोडला नाही! प्रवचनात हे वाक्य आलं की पुढच्या रांगेतले आजोबा मान डोलावतात आणि मागं बसलेल्या कॉलेजच्या पोरापोरींकडं बघतात. वाक्याचा रोख कुणाकडं आहे ते सगळ्यांना कळतं. चरित्रकारही या प्रसंगाशी हात जोडून उभे राहतात आणि पुढं जातात. माझी तक्रार इथंच आहे. कारण त्याच चरित्रात, याच प्रसंगाच्या आसपास, दुसरी एक गोष्ट आहे. सातगौडाचं नवव्या वर्षी लग्न लावलं होतं. ती मुलगी सहा महिन्यांच्या आत वारली. पुढं तो मोठा झाल्यावर आईवडिलांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला, तेव्हा त्यानं सरळ नाही म्हटलं, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि ते कधी ढळलं नाही.

म्हणजे आईबापाचा शब्द त्यानं मोडला की! एक शब्द मोडला, एक पाळला. दोन्ही गोष्टी एकाच मुलानं, एकाच घरात, साधारण एकाच वयात केल्या. मग त्याला आज्ञाधारक म्हणायचं कसं? तो निवडत होता. लग्नाला नाही म्हणणं जितकं त्याचं स्वतःचं, तितकंच थांबणंही त्याचं स्वतःचं. दुकानात बसून गिऱ्हाइकाला ‘कापड तुम्हीच मोजून घ्या’ म्हणणारा हा माणूस. कुणी दटावलं म्हणून घरात बसला असेल, हे मला पटत नाही.

आमच्या खानापूर तालुक्यात ख्रिस्ती वस्ती पुष्कळ. त्यांच्या धर्मात म्हणतात, देवानं माणसाला निवडायची मोकळीक दिली, अगदी देवाला नाकारायचीसुद्धा. ऐकायला फार छान वाटतं. पण आपल्याकडं देणारा कुणी नाहीच. जग घडवणारा ईश्वर आपण मानत नाही. जीव स्वतः कर्म बांधतो, स्वतःच सोडवतो. आईवडील म्हणाल तर निमित्त. ज्यांनी दिलंच नाही त्यांना परत कसं घेता येईल? हे सगळं आपण पाठशाळेत पाठ करतो, आणि घरी आलं की ‘आम्ही परवानगी दिली म्हणून शिकायला गेलीस’ असं पोरीला ऐकवतो.

आणखी एक गंमत. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात महावीर आईच्या पोटात असताना तिला त्रास नको म्हणून निश्चल राहतात. आई घाबरते, गर्भाला काही झालं की काय. मग ते हलतात आणि ठरवतात, आईवडील जिवंत असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही. आपल्या दिगंबर परंपरेत असं नाही. आपले महावीर तिसाव्या वर्षी, आईवडील हयात असतानाच निघाले. दिगंबर मुनिमार्ग ज्यांनी आपल्या भागात पुन्हा उभा केला, ते घरातून निघताना मात्र त्या दुसऱ्या महावीरांसारखे वागले. चरित्रकारांनी इथं थोडं थांबायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं.

वडिलांचंही पुरतं वाचायला हवं. भीमगौडा संसारात बुडालेले, मुलाला मायेनं बांधून ठेवणारे बाप नव्हते. सोळा वर्षं ते दिवसातून एकदाच जेवत, ब्रह्मचर्यानं राहत. अशा माणसानं मुलाला ‘थांब’ म्हटलं ते शेतासाठी किंवा दुकानासाठी नसावं. आपल्यात मरणाची तयारी ही मोठी गोष्ट. शेवटच्या घटकेला मन ढळू नये म्हणून जवळ कुणी जाणतं लागतं. वडिलांना ते माणूस मुलात दिसलं असेल, असं मी वाचते. ते मागणं झालं, हुकूम नव्हे. मागण्याला नाही म्हणता येतं, म्हणून तर हो म्हणण्याला किंमत.

आणि सत्यवती? उपवास करणारी, धर्मपरायण, पुण्यवान माता. एवढ्यावर तिची बोळवण होते. नवऱ्यानंतर ती गेली. त्या मधल्या काळात, आपण आहोत तोवर हा अडकलाय, हे तिला जाणवत नसेल? जेवायला वाढताना काय वाटत असेल? एखादी सून-लेक हे चरित्र लिहायला बसली असती तर तिनं आधी इकडंच पाहिलं असतं. नंदगडला रायण्णाच्या वडाला लोक मुलासाठी लाकडी पाळणे बांधतात. १८३१ साली इथं फाशी गेलेला तो तरणा मुलगा. त्याच्याकडं बायका मूल मागतात. मागताना ते मूल रायण्णासारखं निघून गेलं तर, हा विचार कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

पुस्तक वाईट आहे असं मुळीच नाही. कुंथलगिरीचं १९५५चं छत्तीस दिवसांचं सल्लेखनापर्व ज्यांना समजून घ्यायचंय, त्यांनी महाराजांची आधीची वाट इथंच पाहावी. शेवटच्या दिवसांत तिथं महाराज मराठीतून बोलले ते ध्वनिमुद्रित झालंय. त्यात संयमाला भिऊ नका, असं ते पुन्हा पुन्हा सांगतात. आईबापाला विचारून या, असं नाही.

नवव्या वर्षी लग्न झालेल्या त्या पोरीचं नाव मी दुसऱ्या वाचनात शोधलं. पाटलांची सून होती ती, सहा महिने का होईना. मला सापडलं नाही.