काळापहाड काळा नव्हता

रहस्यकथा वाचाव्या तर पावसाळ्यात, असं जाणकार म्हणतात. मी त्या मे महिन्यात वाचल्या, आणि त्याही बुलढाणा जिल्ह्यात. आमचं बिऱ्हाड बुलढाण्याला, म्हणजे घाटावर. तिथली हवा थंड आहे, असं बुलढाणेकर पाहुण्यांना घाम पुसत पुसत सांगतात. सुटी लागली की आम्हां पोरांची रवानगी घाटाखाली नानाकाकांकडे व्हायची. लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात; आम्ही थंड हवेचं ठिकाण सोडून भट्टीत जात असू. त्या गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

दुपारी पंखा गरम हवा नुसती ढवळायचा, आणि मी फरशीवर पालथा पडून दहा पैसे रोजानं आणलेले बाबूराव अर्नाळकर वाचायचो. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. माझी भूक त्याहून मोठी होती. झुंजार आणि काळापहाड हे माझे जिवलग. अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर बहुधा काळ्या ओव्हरकोटातली एखादी आकृती असे. आमच्याकडे मे महिन्यात कोणी असा कोट घालून निघाला असता, तर खून करण्याआधीच त्याला ऊन लागलं असतं. आणि ज्याचा खून करायचा त्यानंच त्याला पन्हं पाजून खाटेवर निजवलं असतं.

पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की अमेरिकेत रहस्यकथेचा एक वेगळाच वाण आहे. त्याला ‘हार्ड-बॉइल्ड’ म्हणतात, म्हणजे कडक उकडलेलं अंडं. आमच्या घरात अंड्याला प्रवेश नव्हता, म्हणून मी आपला शब्द योजला : निबर. जून झालेली भेंडी जशी बोटांनी मोडत नाही, तसा हा हेर. त्याचाच चुलतभाऊ ‘न्वार’. हा शब्द फ्रेंच, आणि अर्थ काळा. १९४५ साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनानं ‘सेरी न्वार’ नावाची पुस्तकमाला काढली, आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकन सिनेमांनाही हे विशेषण चिकटवलं. मी म्हटलं, अरे, म्हणजे हा आमचा काळापहाडच की! नावातच काळा!

पण वाचायला घेतलं आणि फसलो. आमचा काळापहाड नावाचाच काळा. त्याच्या गोष्टीत गुन्हा म्हणजे पांढऱ्या धोतरावर पडलेला चहाचा डाग. शेवटच्या पानापर्यंत धोतर धुऊन, नीळ देऊन, दोरीवर वाळत पडलेलं असतं. निबर कथेत डाग कुठे आहे हे शोधता शोधता हेराच्या लक्षात येतं की इथे सबंध धोतरच चहाच्या रंगाचं आहे. डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरी केलेला माणूस. त्याच्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये (१९२९) एक खाणीचं गाव आहे. तिथे गुंड, पोलीस आणि गावचा धनी यांत फरक करायचा तर भिंगच हवं. रेमंड चँडलरचा फिलिप मार्लो ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) अवतरला. त्याचा भाव रोजचे पंचवीस डॉलर, अधिक खर्च. म्हणजे हा रोजंदारीवरचा हेर. मार खातो, बेशुद्ध पडतो, आणि इतकं करून हाती लागलेलं सत्य कोणालाच नको असतं. याच कादंबरीत एका शोफरचा मृत्यू होतो. त्याला कोणी मारलं, हे खुद्द चँडलरलाही सांगता आलं नाही म्हणतात. अर्नाळकरांच्या वाचकांनी असल्या लेखकाकडून दहा पैसे परत मागितले असते!

टोपी, पाऊस, सिगारेटचा धूर आणि घातकी सुंदरी हा या कथांचा नुसता पोशाख. मग निबर आणि न्वार यांत फरक कोणता? निबर कथेत गाव सडलेलं, पण हेर स्वच्छ राहतो. न्वारमध्ये तोही घसरतो. जेम्स केनच्या ‘डबल इन्डेम्निटी’त नायक साधा विमा एजंट आहे, आपल्याकडे येऊन चहा पिऊन, हप्त्याची आठवण करून जातो ना, तसा. तो गिऱ्हाइकाच्या बायकोच्या नादानं खुनापर्यंत पोचतो. मराठीत याच्या जवळ जाणारा माणूस शोधायचा तर तो रहस्यकथांच्या कपाटात सापडत नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ काढला. त्यातला निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार पाहा. त्याला सगळं कळतं, आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो.

माझ्या माहितीतला दुसरा माणूस म्हणजे नानाकाका. ते धान्याच्या बाजारात मापारी होते. त्यांना शंका आली की काटा खोटा आहे. त्यांनी शेरलॉक होम्सचं नावही ऐकलं नव्हतं. ते सरळ स्टेशनावर गेले आणि वजनाच्या यंत्रात नाणं टाकून उभे राहिले. तिकीट पडलं : बावन्न किलो. मागे भविष्य छापलेलं, की मानसन्मान वाढेल. बाजारात येऊन काट्यावर उभे राहिले : पन्नास. तीन दिवस हाच उद्योग. चौथ्या दिवशी तिन्ही तिकिटं घेऊन ते अडत्यापुढे उभे राहिले. तो म्हणाला, “नाना, काटा नाही चुकत. स्टेशनावर भजे खाऊन दोन किलो तुम्हीच वाढले.” सगळे हसले. हसणाऱ्यांत हमाल होते, दुसरे मापारी होते, आणि ज्याची ज्वारी काट्यावर चढली होती तो शेतकरीही होता. म्हणजे सगळ्यांना ठाऊकच होतं. रहस्य असं काही नव्हतंच.

नानाकाका सात दिवस घरी बसले. आठव्या दिवशी काकूनं डब्यातलं पीठ संपल्याचं सांगितलं, तेव्हा उपरणं खांद्यावर टाकून ते त्याच काट्यावर परत गेले. सात दिवस चँडलर, आठव्या दिवसापासून केन. रोज संध्याकाळी ते मला दहा पैसे देत, दुसऱ्या दिवशीच्या पुस्तकासाठी. ते कोणत्या वजनानं मोजून आले होते, हा हिशेब मी फार उशिरा केला.

नोकरी लागल्यावर एकदा मी त्यांना ‘रेड हार्वेस्ट’ची गोष्ट सांगितली. पूर्वी मी अर्नाळकर सांगायचो तेव्हा ते विचारत, “खुनी सापडला का?” या वेळी तसं विचारलं नाही. सुपारी कातरत म्हणाले, “अन् मंग गावाचं काय झालं?”

“गुंड आपसात मारामारी करून मेले. गाव परत त्याच धन्याच्या हाती.”

“अन् तो हेर?”

“तो म्हणतो, या गावानं माझ्याही अंगात विष भिनवलं.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“हे पुस्तक लिवणारा,” ते म्हणाले, “कधी ना कधी मापारी असंन.”