कथेतील शब्द आणि सूचीतील शब्द : अमेरिकन हायस्कुलातील लघुकथा-अध्यापनाचा एक विचार

अमेरिकेतील हायस्कुलाच्या इंग्रजी वर्गात, विशेषतः नवव्या व दहाव्या इयत्तांत, लघुकथा हा अध्यापनाचा जुना आणि स्थिर विषय आहे. एडगर ॲलन पो ह्यांची ‘द कास्क ऑफ अमॉन्टियाडो’ (१८४६), ओ. हेन्री ह्यांची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ (१९०५), रिचर्ड कॉनेल ह्यांची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९२४) आणि शर्ली जॅक्सन ह्यांची ‘द लॉटरी’ (१९४८) ह्या कथा तेथील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वर्गात वाचल्या आहेत. ह्या कथांबरोबर वर्गात आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे शब्दसूची. कथेतून दहापंधरा ‘कठीण’ शब्द निवडावयाचे, वाचनापूर्वी त्यांचे अर्थ वहीत उतरवून घ्यावयाचे, प्रत्येकाचे एकेक वाक्य करावयास सांगावयाचे आणि आठवड्याच्या अखेरीस परीक्षा घ्यावयाची, असा हा परिचित क्रम आहे. कथावाचन आणि शब्दसंग्रह हे दोन उद्योग एकाच तासात व एकाच पुस्तकावर चालतात, म्हणून ते परस्परांस पूरकच असले पाहिजेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत खरे आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

शब्दसूचीमागे दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. पहिली शब्दगणनेची. एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनी १९२१ मध्ये ‘द टीचर्स वर्ड बुक’ ह्या ग्रंथात १०,००० इंग्रजी शब्दांची त्यांच्या वापराच्या प्रमाणानुसार नोंद केली. १९४४ मध्ये अर्विंग लॉर्ज ह्यांच्या सहकार्याने ही गणना ३०,००० शब्दांपर्यंत पोहोचली. कोणता शब्द केव्हा शिकवावा हा निर्णय शिक्षकाच्या लहरीवर न सोपवता मोजणीवर सोपवावा, ही त्यामागील दृष्टी होय. दुसरी परंपरा प्रवेशपरीक्षेची. १९२६ मध्ये सुरू झालेल्या एस. ए. टी. ह्या परीक्षेत सुट्या शब्दांच्या ज्ञानाला मोठे स्थान होते. पुढे विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये, साधर्म्याचे प्रश्न २००५ मध्ये व वाक्यपूर्तीचे प्रश्न २०१६ मध्ये वगळण्यात आले. म्हणजे संदर्भापासून तोडलेल्या शब्दाची परीक्षा परीक्षकांनीच क्रमाक्रमाने सोडून दिली. पुष्कळ वर्गांतील सूची मात्र कायम राहिली.

ह्या दोन्ही परंपरांत शब्दाचे मोल भाषेच्या एकूण व्यवहारावरून ठरते. एखाद्या कृतीत त्या शब्दाने कोणते कार्य केले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. जो विरळ तो कठीण आणि जो कठीण तो शिकविण्याजोगा, असे हे सूत्र आहे. साहित्यकृतीतील शब्दाचे मोल ह्या सूत्राने ठरू शकते काय, हे प्रत्यक्ष कथा समोर ठेवूनच पाहिले पाहिजे.

प्रथम कॉनेल ह्यांची कथा घेऊ. तिच्या सूचीत ‘पॅल्पेबल’, ‘टँजिबल’, ‘क्वॉरी’, ‘कंडोन’, ‘स्क्रूपल्स’ असे शब्द हटकून आढळतात. ‘गेम’ हा शब्द मात्र सूचीत येत नाही, कारण तो पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतो. तथापि ह्या एका शब्दावर सारी कथा उभी आहे. ‘गेम’ म्हणजे खेळ, आणि ‘गेम’ म्हणजे ज्याची शिकार करावयाची ते जनावर. हे दोन्ही अर्थ शीर्षकातच एकत्र आले आहेत. जनरल झारॉफ ज्याला खेळ म्हणतो, त्यात रेन्सफर्ड हा स्वतःच सावज होतो. कथेच्या अखेरीस झारॉफ रेन्सफर्डचे जे अभिनंदन करतो त्यात हा शब्द पुन्हा येतो, पण तेथे तो केवळ खेळाच्या अर्थाने येतो. लगेच रेन्सफर्ड आपण अद्याप कोंडीत सापडलेले जनावरच आहोत असे बजावतो, आणि श्लेषाचे दुसरे टोक पुढे येते. मराठीत ‘शिकार’ हा शब्द क्रिया आणि भक्ष्य ह्या दोहोंना लावता येतो. ‘खेळ’ मात्र त्यात सामावत नाही. म्हणूनच ह्या शीर्षकाचे मराठी रूपांतर करू जाणाऱ्यास ‘गेम’ ह्या सोप्या शब्दाची खरी अवघडता तत्काळ जाणवेल. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला ती जाणवत नाही, कारण तो शब्द त्याच्या अतिपरिचयाचा आहे. येथे शिक्षकाची गरज आहे, आणि नेमके येथेच सूची मौन धरते.

ह्याच कथेच्या मध्यावर झारॉफ व रेन्सफर्ड ह्यांच्यात जो वाद होतो, तो एका अर्थी कोशकाराचा वाद आहे. एक ज्या कृत्याला शिकार म्हणतो, तिला दुसरा खून म्हणतो. ‘हंट’ आणि ‘मर्डर’ हे दोन्ही शब्द कोणत्याही सूचीबाहेरचे आहेत. कृत्य एकच असता त्याला नाव कोणते द्यावयाचे ह्यावर माणसाची नीती कशी अवलंबून असते, हा ह्या प्रसंगाचा आशय आहे. कथारंभी जनावराच्या भीतीचा विचार हसण्यावारी नेणारा रेन्सफर्ड स्वतः पाठलागात सापडल्यावर त्या भीतीचा अर्थ शिकतो. त्याने त्या शब्दाचा अर्थ कोशातून शिकलेला नाही, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी आले तर शब्द कसा कळतो ह्याचाच धडा त्याला कथेतून मिळेल.

जॅक्सन ह्यांच्या कथेत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘द लॉटरी’ २६ जून १९४८ च्या ‘द न्यू यॉर्कर’च्या अंकात प्रसिद्ध झाली आणि वाचकांनी संतापाची व गोंधळाची शेकडो पत्रे पाठविली. तिच्या सूचीत ‘बॉइस्टरस’, ‘पर्फंक्टरी’, ‘पॅराफर्नेलिया’ हे शब्द असतात. वाचकाला फसविणारा शब्द मात्र शीर्षकातलाच आहे. लॉटरी म्हटले की लाभ, बक्षीस, नशीब ही कल्पना मनात उभी राहते. ‘लॉटरी लागणे’ हा मराठीत रुळलेला वाक्प्रचारही अनपेक्षित लाभाचाच वाचक आहे. लेखिका ह्या शब्दाची व्याख्या कोठेही करीत नाही. ती केवळ पेटी, चिठ्ठ्या, यादी, जूनमधली सकाळ आणि मुलांनी रचलेला दगडांचा ढीग दाखविते. ‘स्टोन’ हा शब्द आरंभी मुलांच्या खेळात येतो आणि शेवटी तोच वधाचे साधन होतो. मधल्या काळात शब्द बदललेला नाही, वाचकाचे ज्ञान बदललेले आहे. अखेरीस टेसी हचिन्सनच्या लहानग्याच्या हाती कोणी तरी खडे देते. तेथे दगडाऐवजी ‘पेबल्स’ हा कोवळा शब्द योजला आहे, आणि त्या कोवळेपणातच प्रसंगाची भीषणता साठली आहे. ‘फेअर’ हा शब्दही असाच पाहण्याजोगा आहे. टेसी उशिरा येते तेव्हा थट्टामस्करी करते; आपल्या घरावर चिठ्ठी आल्यावरच ती सोडत न्याय्य झाली नाही असे म्हणू लागते. तिचा आक्षेप प्रथेला नाही, पद्धतीला आहे. ‘फेअर’चा अर्थ प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. टेसीने तो किती संकुचित केला आहे, हे मात्र शिकवावे लागते.

ह्यावरून कठीण शब्दांना कथेत काही कार्य नसते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ओ. हेन्री ह्यांच्या कथेत ‘मेंडिकन्सी’ व ‘पार्सिमनी’ हे भारदस्त शब्द एका दरिद्री संसाराच्या वर्णनात येतात. डेलाजवळ एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट एवढीच पुंजी आहे, आणि निवेदक मात्र लॅटिन वळणाची भाषा बोलतो. मराठीत ‘भीक’ म्हणण्याच्या जागी ‘भिक्षावृत्ती’ आणि ‘चिक्कूपणा’ म्हणण्याच्या जागी ‘कृपणता’ म्हटल्याने जो सूर लागतो, तसाच हा प्रकार आहे. कथेचा मिस्किल, सहानुभूतियुक्त विनोद ह्या विसंगतीतून निर्माण होतो. सूची ह्या शब्दांचे वाच्यार्थ देते आणि नेमकी ही विसंगती पुसून टाकते, कारण वहीत प्रत्येक शब्दाचा अर्थ सोप्या शब्दाने दिलेला असतो आणि त्यामुळे अवघड शब्द सोप्याची केवळ दुसरी प्रत ठरतो.

शीर्षकातील ‘मॅजाय’ ह्या शब्दाच्या बाबतीत तर सूची प्रत्यक्ष हानी करते. हे मॅजाय म्हणजे कोण, हे निवेदक शेवटच्या परिच्छेदात स्वतःच सांगतो आणि त्या आधाराने शहाणपण कशाला म्हणावे ह्याविषयीचा आपला निर्णय देतो. केस विकून साखळी घेणारी डेला आणि घड्याळ विकून फण्या घेणारा जिम हे व्यवहारदृष्ट्या मूर्ख ठरल्यानंतरच ‘वाइज’ हा साधा शब्द त्यांना लावला जातो. लेखकाने शेवटासाठी राखून ठेवलेला हा अर्थ सूचीने सोमवारीच फळ्यावर लिहिला, तर कथेची रचनाच मोडते. पो ह्यांनी १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना लघुकथेतील प्रत्येक घटक एका पूर्वनियोजित परिणामाकडे वळलेला असावा, असा आग्रह धरला होता. शब्दाचा अर्थ वाचकाला केव्हा कळतो, हाही ह्या परिणामाचाच भाग मानला पाहिजे.

पो ह्यांच्या कथेत दोन्ही प्रकारचे शब्द शेजारी शेजारी सापडतात. ‘इम्प्युनिटी’ हा सूचीतला शब्द खरोखरीच कथेचे सूत्र सांगतो, कारण सूड घेऊनही आपणास शासन होऊ नये ही माँट्रेसॉरची अट आहे. उलट ‘अमॉन्टियाडो’ ह्या मद्यनामाचा अर्थ कितीही तपशिलाने सांगितला, तरी कथेत ते केवळ आमिष आहे. आणि ‘मेसन’ हा साधा शब्द? फॉर्चुनाटो तो एका गुप्त बंधुसंघाच्या सदस्याच्या अर्थाने उच्चारतो. माँट्रेसॉर उत्तरादाखल गवंड्याची थापी काढून दाखवितो. त्या क्षणी वाचक हसला, तर शेवटी भिंत पुरी होताना त्या हसण्याची त्याला लाज वाटते. तात्पर्य, शब्द विरळ आहे की परिचित आहे ह्यावरून तो कथेत महत्त्वाचा आहे किंवा नाही हे मुळीच ठरत नाही.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर सूची अभिधेपाशी थांबते; कथा लक्षणा आणि व्यंजना ह्यांच्या बळावर चालते. परंतु एवढे म्हणून सूची निकालात काढणे हे घाईचे होईल. अभिधा कळल्याखेरीज व्यंजनेचा मार्ग खुला होत नाही. शिवाय ह्या प्रश्नाला एक सामाजिक बाजू आहे. ज्या घरांत पुस्तके आहेत, त्या घरच्या मुलाला ‘पर्फंक्टरी’सारखा शब्द आज ना उद्या भेटतोच. ज्या घरांत ती नाहीत, अथवा जेथे घरची भाषा इंग्रजीहून वेगळी आहे, तेथील मुलाला तो शब्द शाळेने दिला तरच मिळतो. विल्यम नेगी, पॅट्रिशिया हर्मन व रिचर्ड अँडरसन ह्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचनाच्या ओघात संदर्भावरून शब्द खरोखर शिकले जातात, परंतु एका वाचनात होणारी ही प्राप्ती अल्प असते, असे दिसून आले. म्हणजे वाचनाने शब्द आपोआप येतील ह्या विश्वासावर जो विसंबेल, तो अधिक वाचणाऱ्यालाच अधिक देईल. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन व लिंडा कूकन ह्यांनी २००२ मध्ये शब्दांचे तीन स्तर कल्पिले आणि अनेक विषयांच्या लेखनात वावरणाऱ्या मधल्या स्तरावर भर देण्यास सांगितले. निव्वळ विरळपणाच्या कसोटीपेक्षा ही कसोटी निश्चितच सरस आहे. तथापि तीही शब्दाची पुढील उपयुक्तता मोजते. हाती असलेल्या कथेतील त्याचे कार्य मोजीत नाही. २०१० च्या ‘कॉमन कोअर’ मानकांतही शब्दनिवडीने अर्थ व सूर कसा घडतो हे पाहण्याचे कलम वाचनाच्या भागात, आणि शब्दसंग्रहाची कलमे भाषेच्या भागात, अशी फाळणी आढळते. कागदावरची ही फाळणी वर्गात आणखी रुंदावते.

ह्यावर उपाय सूची टाकून देण्याचा नसून तिचे स्थान बदलण्याचा आहे. वाचनापूर्वी केवळ तेच शब्द द्यावेत, ज्यांच्यावाचून घडणारी घटनाच डोळ्यांसमोर उभी राहणार नाही; गवंड्याची थापी किंवा तळघरातील दफनभूमी ही अशी उदाहरणे होत. उरलेली सूची वाचनानंतर, विद्यार्थ्यांनी कथेतून शोधून सिद्ध करावी, आणि तीत सोप्या शब्दांना मज्जाव नसावा. परीक्षेचा प्रश्नही बदलावा लागेल. ‘ह्या शब्दाचा अर्थ काय?’ ह्याऐवजी ‘ह्या जागी दुसरा शब्द घातला तर काय बिघडेल?’ असे विचारावे. भाषाशास्त्रात एखाद्या घटकाचे कार्य ठरविण्यासाठी त्याच्या जागी दुसरा घटक घालून पाहण्याची जी पद्धत आहे, तीच ही होय. ‘पेबल्स’ऐवजी ‘स्टोन्स’ घालून पाहणारा विद्यार्थी दोन्ही शब्द शिकतो आणि कथाही वाचतो. ‘पर्फंक्टरी’ऐवजी ‘केअरलेस’ घालून पाहणाऱ्याला कळते की, हलगर्जीपणे केलेले काम आणि उपचार म्हणून उरकलेला विधी ह्यांत अंतर आहे. त्या गावाची सारी शोकांतिका ह्या अंतरातच आहे.

ह्या पद्धतीस वेळ अधिक लागतो आणि गुण देणे अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे. सूचीचे दीर्घायुष्य पुष्कळसे तिच्या गुण देण्याच्या सोयीत आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलापुढे जेव्हा ‘शिकार’ की ‘खून’ हा प्रश्न कथेने मांडलेला असतो, तेव्हा त्याला केवळ ‘क्वॉरी’ आणि ‘कंडोन’ ह्यांचे अर्थ पाठ करावयास लावणे म्हणजे साध्या शब्दांविषयी त्याला कायमचे बेसावध ठेवणे होय. व्यवहारात माणसे बहुधा कठीण शब्दांनी फसत नाहीत. आपणास पूर्णपणे माहीत आहेत असे वाटणाऱ्या शब्दांनीच ती फसतात. त्या शब्दांकडे थांबून पाहण्याची सवय लघुकथेच्या तासात लागू शकते, आणि इंग्रजीच्या वर्गात कथा व शब्द एकत्र ठेवण्याचे खरे समर्थनही हेच आहे.