रानड्यांची तुलना आणि बाबासाहेबांची दोन विधाने

गेल्या वर्षावासात चुडावा येथे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन संपल्यावर एका तरुणाने विचारले : बाबासाहेबांनी संतांना मानले, की नाकारले? आमच्या भागात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जनाबाईंचे गंगाखेड याच परभणी जिल्ह्यात आहे, आणि परंपरा नामदेवांचे जन्मगाव मानते ते नरसी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होते. प्रश्नाचे मूळ मात्र एका जुन्या तुलनेत आहे. ती तुलना तपासल्यावाचून उत्तर देता येत नाही.

न्या. महादेव गोविंद रानडे यांचा ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यातील संतांवरील प्रकरणात त्यांनी महाराष्ट्रातील भागवत संप्रदायाची तुलना सोळाव्या शतकातील युरोपच्या धर्मसुधारणेशी केली. तिकडे लॅटिनची आणि इकडे संस्कृतची मक्तेदारी मोडून लोकभाषा धर्माची भाषा झाली. तिकडे पाद्र्यांचे व इकडे भटभिक्षुकांचे मध्यस्थत्व ढिले झाले. संन्यासापेक्षा गृहस्थजीवनाला मान मिळाला. ही निरीक्षणे खोटी नाहीत. ल्यूथरचा जर्मन ‘नवा करार’ १५२२ सालचा, एकनाथांनी शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी १५८४ सालची. दोन्ही घटना एकाच शतकातील आहेत. परंतु ल्यूथरच्या हाती छापखाना होता आणि पैठणची प्रत लेखनिकांच्या हाताने फिरली. छापखाना आपल्या किनाऱ्याला १५५६ सालीच लागला होता, पण तो गोव्यात, जेझुइटांच्या ताब्यात. त्यांच्यातील फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले तेही रोमन लिपीत.

लोकभाषा हाच धर्मक्रांतीचा निकष धरला, तर विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील प्रसंग दोन हजार वर्षे आधीचा ठरेल. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बांधण्याची अनुज्ञा मागितली आणि तथागतांनी ती नाकारली. (तेथील ‘सकाय निरुत्तिया’चा अर्थ ‘ज्याच्या त्याच्या भाषेत’ असा आपण सहज करतो, बुद्धघोषाचार्य मात्र तो बुद्धाची स्वतःची भाषा, म्हणजे मागधी, असा करतात. हा वाद आपल्या व्यासपीठांवर फारसा सांगितला जात नाही.) माझ्या मते भाषेपेक्षा उपालीचा प्रसंग अधिक निर्णायक आहे. शाक्यकुमारांच्या आधी त्यांच्या न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली आणि कुमारांना त्याला वंदन करावे लागले. संघातील आसनांचा क्रमच बदलला.

रानड्यांची तुलना येथेच अपुरी पडते. त्यांनी भाषा, भक्ती आणि भिक्षुकी पाहिली. आसन आणि जमीन कोणाकडे राहिली, हे त्या तुलनेत तोललेच गेले नाही. युरोपात धर्माचा प्रश्न मालमत्तेपर्यंत पोचला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले. त्यांच्या जमिनी आधी राजाकडे आणि नंतर जमीनदार व व्यापारी यांच्याकडे गेल्या. गरिबांना त्यातून काय मिळाले, हा वेगळा प्रश्न. जर्मनीतील शेतकऱ्यांनी तो १५२५ सालीच विचारला होता. मेमिंगेन येथील त्यांच्या बारा मागण्यांत पाद्री निवडण्याचा हक्क होता, दशमांशाचा हिशेब होता, जंगलातील लाकूड होते. आणि ख्रिस्ताने सर्वांनाच मुक्त केले असेल तर आम्ही भूदास कसे, असा सरळ प्रश्न होता. ल्यूथरने प्रथम सरदारांनाही दोष दिला, पण बंड पेटताच शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडा असे लिहिले. आत्म्याच्या मुक्तीचा अर्थ शेतापर्यंत नेणे त्याला मान्य नव्हते. म्हणून ल्यूथरचे नाव आपणही जपूनच घ्यावे.

आमच्याकडे बलुत्याची आणि वतनाची घडी वारीने मोडली नाही. चोखामेळ्याच्या अभंगांत विटाळाविषयी वेदना आहे, परंतु काही ठिकाणी आपल्या जन्माचे कारण तो पूर्वकर्मात शोधतो. कर्ममेळ्याच्या नावावरील अभंगांत तक्रार अधिक तीव्र आहे. तीही देवाजवळच केलेली आहे, पाटलाजवळ नव्हे.

आता बाबासाहेबांची विधाने. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक व सामाजिक परिवर्तन घडते, हे सांगताना त्यांनी ल्यूथरची धर्मसुधारणा, इंग्लंडातील प्युरिटन पंथ आणि शिवाजी महाराजांच्या आधीचे संत यांची उदाहरणे दिली. हे रानड्यांच्या मताशी जुळणारे आहे. १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींना दिलेल्या उत्तरात मात्र ते म्हणतात की संतांनी जातिसंस्थेवर हल्ला केला नाही; देवाच्या दृष्टीने सारे समान असे त्यांनी सांगितले, माणसे परस्परांत समान आहेत असे नव्हे. आपले वक्ते श्रोते पाहून यांतील एकच विधान उचलतात, आणि तेथे अभ्यास थांबतो.

मला यात विरोध दिसत नाही. पहिल्या ठिकाणी प्रश्न राज्य कसे उभे राहते हा आहे, दुसऱ्या ठिकाणी जात कशी मोडते हा. शिवाय पहिल्याच परिच्छेदातील शब्द पाहावेत : बुद्धाच्या कार्याला ते ‘क्रांती’ म्हणतात, संतांच्या कार्याला ‘सुधारणा’. आणि जात मोडण्याच्या प्रश्नाचा त्यांनी मालमत्तेच्या अंगाने पाठपुरावा आधीच सुरू केला होता. मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक १९२८ साली मांडले. ते संमत झाले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब नव्हते.

त्या तरुणाला मी ही दोन्ही पाने दाखवली आणि तिसरेही : १९४८ चा ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला आहे. त्याने बराच वेळ ते पान पाहिले. मग चोखोबाची समाधी कोठे आहे, असे विचारले. मी म्हटले, पंढरपूरला, महाद्वाराच्या पायरीपाशी. देऊळ १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले.