कुलवृत्तांताबाहेरचे घर : रत्नागिरीतील नाविक दांपत्ये आणि मराठी कौटुंबिक इतिहासलेखन

प्रास्ताविक

कौटुंबिक इतिहास हा लेखनप्रकार मराठीला नवा नाही. गोखले, आपटे, लिमये, पेंडसे अशा घराण्यांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रसिद्ध होत आले. त्यांतील बहुसंख्य घराण्यांचे मूळ गाव जुन्या रत्नागिरी अथवा कुलाबा जिल्ह्यात आहे. त्याच रत्नागिरीने दीर्घ काळ नौदलाला व व्यापारी जहाजांना माणसे पुरविली. त्यांपैकी सामान्य खलाशाच्या घराचा वृत्तांत मात्र मराठी ग्रंथसंग्रहात सहसा आढळत नाही. ही उणीव केवळ साधनांच्या अभावाची आहे, की लेखनप्रकाराच्या घडणीतच ती अंतर्भूत आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कुलवृत्तांताची घडण

कुलवृत्तांताची मांडणी ठराविक असते. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, स्थलांतर, शाखा आणि त्यानंतर पिढीवार वंशावळ असा तिचा क्रम होय. सनदा, इनामपत्रे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरातील दप्तरे ही तिची साधने होत. या ग्रंथांनी केलेले काम मोठे आहे. स्त्रियांचा त्यांना पूर्ण विसर पडला असेही म्हणता येत नाही. पत्नीचे माहेरचे व सासरचे नाव, तिचे माहेरघर आणि कन्यांची सासरे अनेक कुलवृत्तांतांत नोंदलेली असतात. परंतु नोंद होते ती नात्याची. श्रमाची होत नाही. घर कोणी चालविले, कशावर चालविले आणि कर्ता पुरुष दूर असता शेत कोणी राखले, हे प्रश्न वंशावळीच्या चौकटीत बसत नाहीत.

मराठीत ‘कूळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक घराणे आणि दुसरा दुसऱ्याची जमीन कसणारा. मराठी कौटुंबिक इतिहास प्रामुख्याने पहिल्या अर्थाच्या कुळाचा लिहिला गेला. रत्नागिरीत खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत दुसऱ्या अर्थाच्या कुळाचे नाव खोताच्या हिशेबात येत असे. त्याच्या घरी स्वतःचे दप्तर असण्याचा संभव फारच थोडा होता. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीने खेड परिसरातील एका घराण्याच्या अनेक पिढ्या समर्थपणे उभ्या केल्या. तथापि ललित वाङ्मयातही पिढ्यांचा विस्तार खोतालाच लाभावा, ही बाब विचारार्ह आहे.

नाविकांचा जिल्हा

रत्नागिरीचे अर्थकारण मनिऑर्डरीवर चालते, असे पूर्वीपासून म्हटले जाई. गिरण्या, गोदी, लष्कर आणि जहाजे ही चाकरमान्यांची मुख्य ठिकाणे होती. व्यापारी जहाजांवर सारंग, टंडेल व खलाशी म्हणून कोकणातील मुसलमान आणि इतर किनारी जातींचे पुरुष जात. ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव १९३४ मध्ये धारण करणाऱ्या नौदलातही महायुद्धापूर्वी रत्नागिरीच्या मुसलमानांची भरती विशेष प्रमाणात होत असे. १९३९ मध्ये दोन हजारांहून कमी असलेली नौसैनिकांची संख्या युद्धाच्या अखेरीस वीस हजारांच्या पुढे गेली आणि भरती सर्व प्रांतांत पसरली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बेंगॉल’ या लहानशा युद्धनौकेने हिंदी महासागरात दोन जपानी जहाजांशी झुंज दिली. १९४३ मध्ये ‘सतलज’ आणि ‘जमना’ सिसिलीच्या मोहिमेत होत्या.

नौदलाच्या इतिहासात हे प्रसंग येतात. नौसैनिकांच्या १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सुरू झालेल्या उठावाचेही वाङ्मय आहे. त्यात सहभागी असलेल्या बी. सी. दत्त यांचे ‘म्यूटिनी ऑफ द इनोसंट्स’ (१९७१) हे पुस्तक त्यातील महत्त्वाचा दस्तऐवज होय. परंतु त्या कथनाचा केंद्रबिंदू ‘तलवार’ हे तळठाणे आणि तेथील असंतोष हा आहे. निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक व युद्धोत्तर सेवामुक्तीची चिंता ही उठावाची कारणे अभ्यासक सांगतात. सेवामुक्तीची चिंता कोणत्या घरासाठी होती, हा पुढचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. उठावाच्या इतिहासात नाविक आहे, त्याचे घर नाही. कुलवृत्तांतात घर आहे, पण ते नाविकाचे नाही.

युद्ध घरी कसे आले, हेही या संदर्भात पाहणे आवश्यक आहे. रत्नागिरी हा धान्याच्या बाबतीत तुटीचा जिल्हा. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. ज्या युद्धात पती समुद्रावर होता, त्याच युद्धाने पत्नीच्या चुलीवरचा भात महाग केला. या दोन घटना इतिहासाच्या दोन वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. कुटुंबाच्या अनुभवात त्या एकच होत्या.

इंग्रज श्रमिक कुटुंबाशी तुलना

इंग्लंडमधील गोदी कामगाराच्या अथवा नौसैनिकाच्या नातवाला आपल्या आजीआजोबांचा इतिहास लिहिता येतो, तो त्यांची स्मरणशक्ती अधिक तीव्र म्हणून नव्हे. तेथे १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी आहे. विवाहाच्या दाखल्यावर उभयतांच्या वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असे. जनगणनेची घरवार पत्रके शंभर वर्षांनंतर खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये उपलब्ध झाली. नौसैनिकांच्या सेवानोंदीही राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाल्या. म्हणजे श्रमिक दांपत्य तेथील शासकीय कागदातच एका घरात नोंदलेले सापडते. भारतीय जनगणनेची घरवार पत्रके संशोधकाला अशा रीतीने मिळत नाहीत. खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकात जहाज, तारखा आणि वर्तणुकीचा शेरा असे. घर कसे चालले याची नोंद त्यात होत नसे.

याला एक विदारक अपवाद आहे. मुंबईतील मस्जिद बंदर परिसरातल्या नाविकगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय नौदलाच्या व व्यापारी नौवहनाच्या सहा हजारांहून अधिक मृतांची नामावलीही तेथे असून तिची जोडप्रत चितगाव येथे आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत, माहिती उपलब्ध असल्यास, मृताच्या वडिलांचे, पत्नीचे व गावाचे नाव देण्याची रीत आहे. जिवंतपणी ज्या दांपत्याची नावे कोणत्याही कागदावर सहसा शेजारी आली नाहीत, ती पतीच्या मृत्यूनंतर एका ओळीत आली. जो सुखरूप परतला, त्याच्या पत्नीला ही ओळदेखील लाभली नाही.

मराठीतील पर्यायी परंपरा

दांपत्याला केंद्रस्थानी ठेवणारे लेखन मराठीत नाही, असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे घराण्यापेक्षा संसार मोठा ठरतो. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने (२००३) हा धागा रत्नागिरीच्या मातीत आणि श्रमाच्या पातळीवर आणला. बांबूची आयदाने विणणारी आई आणि माल डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला पायी जाणाऱ्या स्त्रिया यांच्याद्वारे तेथे कुटुंबाचा इतिहास उलगडतो. वंशावळीऐवजी काम हे त्या कथनाचे सूत्र आहे. नाविकाच्या घराचा इतिहास लिहिताना मराठी अभ्यासकाला हेच सूत्र अधिक उपयोगी पडेल.

त्यासाठी साधनेही पूर्णतः दुर्मीळ नाहीत. नोकरीची पुस्तके, मनिऑर्डरीच्या पावत्या, शाळेची जनरल रजिस्टरे, गावची जन्ममृत्यूची नोंद, जमातीच्या निकाहाच्या वह्या, सातबाराचे उतारे आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी ही साधने एकत्र वाचावी लागतील. १९४७ मध्ये नौदलाचीही फाळणी झाली आणि कोकणी मुसलमानांची काही कुटुंबे कराचीत स्थिरावली. त्यामुळे काही घरांची कागदपत्रे दोन देशांत विभागलेली असणे शक्य आहे. या साधनांना मर्यादाही आहेत. पावतीवरील अंगठ्याचा ठसा पैसे पोहोचले एवढेच सांगतो. ते किती दिवस पुरले, हे सांगत नाही. आठवणींचा कालक्रमही अनेकदा तपासून घ्यावा लागतो.

समारोप

कुलवृत्तांतकारांनी आपल्या घराण्यांसाठी गावोगाव हिंडून जी चिकाटी दाखविली, ती अनुकरणीय आहे; त्यांची चौकट मात्र अपुरी आहे. मूळ पुरुषापासून निघणारा इतिहास मालमत्तेच्या व नावाच्या वारशाचा मागोवा घेतो. नाविकाच्या घरात वारसा म्हणून राहिली ती बहुधा एक पत्र्याची पेटी. तिच्यातील कागदांचा अर्थ सांगू शकणारी पिढी झपाट्याने मावळत आहे. रत्नागिरी परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना हे संकलन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून करता येण्यासारखे आहे, कारण त्यांपैकी कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी अशी पेटी असू शकते. ती उघडताना पहिला प्रश्न ‘मूळ पुरुष कोण?’ हा नसावा. ‘तो समुद्रावर असताना घर कोणी चालविले?’ हा असावा.