नाव तळपायावर

केटे क्रूझे या जर्मन बाहुलीकर्तीवरचे बहुतेक लेखन एका बटाट्यापाशी सुरू होते. १९०५ साली ती स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे राहत होती. मुलीला बाहुली हवी होती. बर्लिनमध्ये असलेल्या शिल्पकार माक्स क्रूझेला दुकानातल्या बाहुल्या पसंत नव्हत्या. तूच कर, असे त्याने कळवले. मग टॉवेलात वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि जळक्या काडीने नाकडोळे काढले. गोष्ट गोड आहे, म्हणूनच ती पुनःपुन्हा सांगितली जाते. पण तिच्या गोडव्यात खरा प्रश्न मागे पडतो. १९१० मध्ये बर्लिनच्या टिट्झ भांडारातील प्रदर्शनात लोकांना जिवंत वाटलेला चेहरा या बटाट्यातून आला कसा, आणि तो नेमका कोणाचा?

घाट तिचा नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. सतराव्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या फ्रांस्वा द्युकेनॉय या फ्लेमिश शिल्पकाराच्या बालमस्तकावरून पहिल्या बाहुलीचे डोके घेतले आहे. साच्यात दाबून आकार दिलेले कापड, मागच्या बाजूला तीन शिवणी, बाकी सगळे कुंचल्याचे काम. कापडावर ज्यांनी चेहरा रंगवून पाहिला आहे (मी पाहिला आहे, आणि त्या नादातूनच या विषयाकडे वळले) त्यांना ठाऊक असते की कापड रंग पिते, ओठांची कड फुटते, विणीचा कण नेमका गालावर दिसू लागतो. म्हणून आधी अस्तराचा लेप, मग तैलरंग. चिनी मातीच्या बाहुलीला काचेचे डोळे बसवता येत. त्यांची चमक आयती मिळे. इथे बुबुळातली ओल, पापणीची सावली, कपाळाशी विरळ होत गेलेले केस, सारे रंगातूनच उभे करायचे. आणि बाहुली पुसता, धुता आली पाहिजे, कारण ती कपाटासाठी केलेली नव्हती.

या चेहऱ्याला पुष्कळांनी उदास म्हटले आहे. मला ते पटत नाही. तोंड मिटलेले आहे, दात नाहीत, हसू नाही, एवढे खरे. पण वास्तवदर्शी चेहऱ्याची मोठी अडचण अशी की एकदा भाव रंगवला की तो कायमचा. हसरी बाहुली तापाने फणफणली तरी हसते, मार खाल्ला तरी हसते. खेळणाऱ्या मुलीला तिच्याशी तडजोड करावी लागते. आपल्या लाकडी ठकीला हा त्रास नाही, कारण चार ठळक रेघांत भाव नसतोच, तो मूलच पुरवते. क्रूझेच्या चेहऱ्यावर मात्र कातडीचा रंग, गालाची लाली, जिवणीचा मऊपणा हे सगळे हुबेहूब आहे, आणि तरीही तो भावाच्या अलीकडे थांबतो. हे थांबणे मला तिची सर्वांत मोठी कमाई वाटते. विशीच्या दशकातली डोळे मिटलेली, वाळूने जड केलेली 'ट्रॉयमरशेन' बाहुली या वाटेवरचे पुढचे पाऊल होते. बाळ कसे धरावे हे नव्या आयांना शिकवण्यासाठीही ती वापरली गेली. उलट त्याच दशकाच्या अखेरीस स्वतःच्या मुलाच्या, फ्रीडेबाल्डच्या, चेहऱ्यावरून केलेली 'जर्मन बालक' ही बाहुली. खऱ्या केसांचा टोप, रेखीव नाकडोळे, कारागिरी निर्दोष. पण ते कोणा एकाचे चित्र झाले. त्यात दुसऱ्या मुलाने आपले काही घालावे एवढी जागा उरली नाही.

आता दुसरा प्रश्न. १९१२ पासून काम बाड क्योझेनच्या कार्यशाळेत चालू लागले. बिंग कंपनीने नक्कल केली तेव्हा क्रूझे न्यायालयात गेली आणि १९२५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. खेळणे हीदेखील कलाकृती असू शकते, असा त्याचा अर्थ. बाहुलीच्या इतिहासात तो लहान विजय नव्हे. मात्र कलाकार म्हणून मान्यता मिळाली ती एकटीला. चेहरे तोवर कार्यशाळेतले रंगारी हात रंगवत होते. बाहुलीच्या डाव्या तळपायावर क्रमांक आणि क्रूझेची सही असते. रंगवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात साचा कोणाचाही असो, डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा मान वेगळा असतो. बाहेर त्याचेही नाव जात नाही, पण कारखान्यात तरी ते सर्वांना ठाऊक असते.

क्रूझेचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. दुसऱ्या कारखान्याला दिलेले काम तिला पसंत पडले नाही आणि तो करार टिकला नाही, यावरून तिची नजर किती कडक होती ते कळते. पण नजर आणि हात या दोन गोष्टी आहेत. एकाच साच्यातल्या दोन जुन्या बाहुल्या शेजारी ठेवून पाहाव्यात: एकीची भुवई किंचित वर गेलेली, दुसरीच्या खालच्या ओठात रंग जरा अधिक. त्यामुळे पहिली काहीतरी विचारते आहे असे वाटते आणि दुसरी रुसल्यासारखी दिसते. हा फरक द्युकेनॉयचा नाही, आणि क्रूझेचाही नाही.