मुखपृष्ठ बदलले, पहारेकरी तेच

माझे बालपण पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीत गेले. रद्दीच्या दुकानात गठ्ठे बांधून दिले की इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक वाचायला मिळत. अक्षरे नीट जुळत नव्हती तेव्हापासून मी मुखपृष्ठे पाहत आलो. आज त्यांच्याकडे पुन्हा पाहणे मला आवश्यक वाटते.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही अमेरिकन चित्रकथा १९३६ साली वर्तमानपत्रात सुरू झाली. आपल्याकडे तो वेताळ झाला. वर्तमानपत्री पट्टीला मुखपृष्ठ नसते. त्यामुळे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने १९६४ साली इंद्रजाल काढले तेव्हा मुखपृष्ठे नव्याने करवून घ्यावी लागली. सुरुवातीची अनेक मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली. रसिक त्यांचे कौतुक करतात, ते रास्तच आहे. परंतु परक्या मालाला देशी रंग लागला, एवढ्यावर समीक्षेने थांबावे काय?

फेरफार आतही झाले. मूळचा ‘बेंगाली’ देश ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. इथल्या वाचकाला नाव खटकू नये, ही काळजी उघड दिसते. मग बांदार बुटक्यांच्या वाट्याला काय आले? कथेप्रमाणे ते वासाकांचे गुलाम होते. किनाऱ्याला लागलेल्या गोऱ्या माणसाने त्यांना मुक्त केले. त्यानंतर चारशे वर्षे ते त्याच्या कवटीगुहेवर विषारी बाण घेऊन उभे आहेत. बापामागून मुलगा, अशा एकवीस पिढ्या सिंहासनावर बसल्या. पहारा मात्र बांदारांकडेच राहिला. जन्माने काम ठरते म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

वस्तीत खेळताना मी वेताळ असे. एकदा पलीकडच्या बंगल्यांतली मुले खेळायला आली. वेताळ त्यांच्यातला झाला आणि मी काठी घेऊन दाराशी जाऊन उभा राहिलो. मला कोणी तसे सांगितले नव्हते. हे मला फार उशिरा उमगले.

याच पुण्यात १९२९ साली आमची माणसे पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाला उभी राहिली. कोणी मुखवटेवाला येऊन सोडवील, म्हणून ती थांबली नव्हती.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद झाले. २०११ साली बाबासाहेबांच्या जीवनावर ‘भीमायन’ आले. परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी त्यात चित्रकथेची ठरीव चौकटच नाकारली. विखारी बोलाला त्यांनी विंचवाची नांगी दिली, मायेच्या बोलाला पाखराचे रूप दिले. पाने कशी मांडायची हे त्यांनी ठरवले.

गोविंद यांच्या कुंचल्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या हाती मुखपृष्ठ होते. आतली कथा दुसऱ्याची होती, आणि तिच्यात आमच्यासारख्यांची जागा आधीच ठरलेली होती. म्हणून नव्या चित्रकथा हाती घेणाऱ्या आमच्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे: मुखपृष्ठ पाहून झाले की पान उलटा, आणि दाराशी कोण उभे आहे ते पाहा.