बर्फाची साक्ष

जेम्स बालोग हे नामवंत निसर्ग-छायाचित्रकार. भूरूपशास्त्राची पदव्युत्तर पदवी गाठीशी असूनही हवामानबदलावर एकेकाळी त्यांचा विश्वास नव्हता. हे सारे कॉम्प्युटर मॉडेल्सचे खेळ, असे त्यांना वाटे. मॉडेल्सवरच ज्याचे पोट चालते, त्या माझ्यासारख्याला हे टोचणारच! म्हणून जेफ ऑर्लोवस्की यांचा ‘चेझिंग आइस’ (२०१२) हा माहितीपट मी जरा सावधपणेच पाहिला.

२००७ मध्ये बालोग यांनी ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना इथल्या हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवायला सुरुवात केली. ठरावीक वेळाने एक फोटो, असे वर्षानुवर्षे. पहिल्याच हंगामात टायमर दगा देतात आणि बंद कॅमेऱ्यापुढे बालोग यांचे डोळे भरून येतात. रात्र रात्र जागून ‘बग’ शोधणाऱ्या मंडळींना ते अश्रू परके वाटणार नाहीत.

ग्रीनलंडच्या बर्फावर त्यांना नवेच शास्त्र भेटते. वाऱ्याने आलेली धूळ आणि काजळी काळी, म्हणून ऊन जास्त शोषते. तिच्याखालचा बर्फ वितळून असंख्य भोके पडतात. उन्हात काळा सदरा घालू नये, एवढीच ही गोष्ट. पण ती मैलोन्‌मैल पसरलेली पाहून मन चरकते.

सर्वात गाजलेला प्रसंग २८ मे २००८ चा. इलुलिसात हिमनदीचा अवाढव्य भाग ७५ मिनिटे तुटत राहतो. दृश्य थरारक, पण पुरावा म्हणून लंगडे! समुद्राला मिळणारी धडधाकट हिमनदीही कडा मोडतच असते. वरून पडणारे हिम आणि खाली जाणारे बर्फ यांचा जमाखर्च बिघडला, तरच चिंता. तो बिघाड दिसतो अनेक वर्षांचे फोटो एकापाठोपाठ धावतात तेव्हा. चित्रपटाचा खरा प्राण तिथे आहे. बालोग यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर खर्च झालेली मिनिटे तिथे द्यायला हवी होती.

आणखी एक तक्रार. हिमनदी किती मागे हटली, हे फोटो सांगतो. ती का हटली आणि पुढे काय होईल, हे सांगायला तीच बदनाम मॉडेल्स लागतात. डोळ्यांनी पाहिले म्हणजे संशय मिटला, एवढ्यावर दिग्दर्शक थांबतात.

तरीही मुलांना घेऊन जरूर पाहा. “हे असं का होतं?” असे त्यांनी विचारले, तर पुढचे काम आपले.